पसाभर कोंडा

४ नोव्हेंबर १९३१

दोन वह्या झाल्या माझ्या. निळी दोरसानींसाठी, म्हणजे मिशनच्या मोठ्या बाईंसाठी. त्यांनीच दिली. म्हणाल्या, सालोमी, रोज किती घरी गेलीस, कोणतं वचन शिकवलंस, सगळं लिहायचं. बाई गोऱ्या आहेत, पण अक्षर बिघडलं की आमच्या जुन्या पंतोजींसारख्याच चिडतात. ही दुसरी वही मी आठवडी बाजारात घेतली. निळीत लिहिता येणार नाही ते हिच्यात.

तर पहिलं हेच, की मला ही वस्ती आवडली नाही. कातडी भिजवायच्या खड्ड्यांचा वास झोपडीत भरून राहिलाय. मीसुद्धा कातडी कमावणाऱ्या मादिगांचीच पोर, याच वासात जन्मले. पण मिशनच्या आवारात वीस वर्षं काढली की नाक चढतं, खोटं कशाला बोलू.

झोपडी लच्चय्याच्या घराला लागून आहे. लच्चय्या इथला म्होरक्या. बारा घरं त्याच्या शब्दावर चालतात आणि तो बायकोच्या शब्दावर. बायकोचं नाव पोचव्वा. मला बघून म्हणाली, "पांढरं लुगडं नेसून आलीस बाई, चार दिवसांत आमच्या रंगाचं होईल." बायका खदाखदा हसल्या. मी म्हटलं, साबण आणलाय. मग जरा कमी हसल्या.

तिच्या मागून एक चारपाच वर्षांची पोर डोकावत होती. नाकात तांब्याची मुरणी. मला जीभ दाखवून पळाली.

९ नोव्हेंबर

त्या जीभवालीचं नाव पेंटव्वा. म्हणजे उकिरड्यावरची. घरात पेंटी म्हणतात.

मी पोचव्वाला फैलावर घेतलं. पोटच्या पोरीचं हे काय नाव? तिनं कातडं घासायचं थांबवलं नाही. घासता घासता सांगितलं. हिच्या आधीची चार गेली, एकानंही दुसरं वरीस बघितलं नाही. ही झाली तेव्हा सासूनं सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवली. पलीकडच्या घरातली म्हातारी तिथून जात होती. जात कसली होती, तिला सांगूनच ठेवलं होतं. ती म्हणाली, अरे, कुणाची पोर पडलीय इथं? मला सापडली. मग पोचव्वानं पसाभर कोंडा देऊन पोर तिच्याकडून विकत घेतली. मरणाला वाटावं, हा टाकाऊ माल, कोंड्याच्या मोलाचा, कुठं उचलत बसायचा.

मी म्हटलं, देवाला सगळ्यांची नावं ठाऊक असतात गं.

"तुझ्या देवाला असू देत," ती म्हणाली. "दुसऱ्याला कळायला नको, एवढंच."

 यावर मला तीन उत्तरं सुचली, तीही घरी आल्यावर.

२१ नोव्हेंबर

पेंटी आता सकाळपासून माझ्या दारात असते. 'सालम्मा, सालम्मा' करत. तिला दोन गाणी आली. सूर पक्का, शब्द स्वतःचे. 'मेंढपाळ माझा' म्हणायचं तर म्हणते 'बकरीवाला माझा'. दोनदा सुधारलं, मग म्हटलं जाऊ दे, येशूला चालेल.

केस विंचरून दिले. उवांचं वारूळ होतं नुसतं. विंचरताना ती मान मागं टाकून माझ्या गुडघ्यावर ठेवते आणि उलटं बघते माझ्याकडं. मुलं अशी करतातच, त्यात काही विशेष नाही.

थंडी पडलीय म्हणून पेटीतलं हिरवं जाकीट तिला घातलं. मापाचं बसलं. तेरा वर्षं नुसतं पडून होतं, कसर लागून वाया गेलं असतं.

६ डिसेंबर, रविवार

अय्यगारू सायकलवरून आले. आमचे पाळक, माणूस भला, पण यादी हातात आली की भलेपणा विसरतात. नाताळाआधी बाप्तिस्मा ठरला. बाराच्या बारा घरं. पुरुषांनी शेंडी कापायची, घरात देवीचा दगड ठेवायचा नाही, आणि नावं बदलायची. देवीचं, दगडधोंड्याचं, शेणाउकिरड्याचं नाव चालायचं नाही.

पोचव्वा उठून उभी राहिली. म्हणाली, माझं बदला, नवऱ्याचं बदला, म्हशीचं बदला. पोरीचं नाही.

अय्यगारू म्हणाले, सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. ती पोरीला काखोटीला मारून निघून गेली. तिच्यामागून लच्चय्या गेला आणि त्याच्यामागून सगळी वस्ती. अय्यगारू आणि मी, आणि एक कुत्रं, एवढेच उरलो.

जाताना मला म्हणाले, सालोमी, सगळं त्या बाईवर अडलंय. आता तुझं काम.

१४ डिसेंबर

आठ दिवस तिच्यामागं लागलेय. तिच्याबरोबर कातडी घासली, ज्वारी कांडली, हात सोलवटले. आज दुपारी ती वाकली.

मी सांगायचं ते सांगितलं. अंधारात राहिलेल्या माणसाला उजेडाची भीती वाटते, वाईट नावानं कुणी वाचत नसतं, आणि असं तोंड लपवून पोर किती दिवस जगवणार? तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला पोरं किती?"

"एकही नाही," मी म्हटलं. यात खोटं काही नाही. आज एकही नाही.

"मग तुला काय सांगू," ती म्हणाली. कातडं उलटं केलं आणि म्हणाली, "तू जामीन राहशील?"

मी म्हटलं, राहीन. तिला काही झालं तर मला विचार.

हे निळ्या वहीत लिहिलं नाही. तिथं लिहिलं, पोचव्वाचं मन देवानं वळवलं.

२० डिसेंबर, रविवार

झालं. तळ्याच्या काठावर बारा घरं. कापलेल्या शेंड्या पाण्यावर तरंगत होत्या, आणि ते बघून पोरं हसत सुटली. लच्चय्या आता लाजर. पोचव्वा मार्था. पोरीची पाळी आली तेव्हा अय्यगारूंनी आईला विचारलं, नाव? पोचव्वानं माझ्याकडं बघितलं. मी आधी ठरवलं होतं, रूथ सांगायचं. ओठावर आलं ते सुवार्ता.

सुंदर नाव आहे. अय्यगारूही म्हणाले, वा.

पोर बाहेर आल्यावर पदरानं तिचं डोकं मीच पुसलं. पाणी गार होतं.

२५ डिसेंबर

गुळाची खीर झाली. लच्चय्यानं डफ वाजवला. अय्यगारूंना विचारायचं राहून गेलं, वाजवू द्यावा की नाही ते. पोरगी हिरव्या जाकिटात डफापुढं नाचली. अंगणात बसून हसून हसून पोट दुखलं माझं. केव्हापासून हसले नव्हते इतकी.

१७ जानेवारी १९३२, रविवार

आता ती पेंटी म्हटलं की ओ देत नाही. कमरेवर हात ठेवून सांगते, मी सुवार्ता. जेवायला माझ्याकडं, दुपारी झोपायला माझ्याकडं. काल खेळता खेळता मला 'अम्मा' म्हणाली. मी दुरुस्त केलं. लगेच नाही केलं, थोड्या वेळानं केलं.

पोचव्वा मात्र दिवेलागणीला घरामागच्या उकिरड्याशी उभी राहून हळू आवाजात 'पेंटी, पेंटी' म्हणते. पोर जवळ नसते तरी. हाक मारायची नसतेच तिला, कुणाला तरी ऐकवायचं असतं. आज मी तिला तिथं गाठलं. म्हटलं, बाप्तिस्मा घेऊन हे कसले चाळे? देवाला फसवतेस? तुझ्या पोरीला दोन देवांमध्ये टांगून ठेवतेस?

 ती पदरानं तोंड पुसून आत गेली.

२५ जानेवारी

आठवडाभर लक्ष ठेवलं. उकिरड्याशी जायची बंद झाली. प्रार्थनेला बसते, डोळे मिटते. वरच्या वाडीतूनही विचारणा आलीय. निळी वही भरत चालली. दोरसानी खूश होतील.

९ फेब्रुवारी

पोरीला ताप. घसा धरलाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, बडीशेपेचा काढा दिला. सगळ्यांनाच होतंय, हवा बदललीय.

१० फेब्रुवारी

घशात आत पांढरट पडदा दिसतो. श्वास घेताना आवाज येतो. मला हा आवाज माहीत आहे. लच्चय्या गाडी जुंपतोय. दवाखाना अकरा कोस.

२४ फेब्रुवारी

लिहायला घेते. निळ्या वहीत एक ओळ लिहिली होती: लाजर व मार्था यांची कन्या देवाघरी गेली. त्यापलीकडं तिथं काही लिहिता आलं नाही, म्हणून इथं.

गाडीत मी आणि पोचव्वा, मधे पोर. पोचव्वाला तिसरा महिना, गाडीच्या धक्क्यानं तीही पिवळी पडली होती, पण थांबा म्हणाली नाही. ओढ्यापाशी पोहोचेपर्यंत ऊन वर आलं. पाण्यात बैल अडले. लच्चय्या खाली उतरून चाकाला खांदा देत होता, तेवढ्यात पोरीचा श्वास तुटायला लागला.

पोचव्वानं तिच्या कानाशी तोंड नेलं. "पेंटी, ए पेंटी, माझ्या टाकाऊ, माझ्या कचऱ्या, बघ इकडं." पोरीनं बघितलं नाही. तिनं तरी काय करावं, आम्हीच तिला शिकवलं होतं, त्या नावाला ओ द्यायची नाही.

मग मी हाक मारली. सुवार्ता म्हणून. तिनं डोळे उघडले, माझ्याकडंच बघितलं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "पुन्हा नको गं जाऊस सुवार्ता, या वेळेला तरी नको जाऊस."

ती गेली. ओढ्याच्या मधोमध, घोट्याएवढ्या पाण्यात.

पोचव्वा रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली. परतीच्या सगळ्या वाटेवर पोर तिच्या मांडीवर होती आणि ती माझ्याकडं बघत होती.

पुरलं त्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "पुन्हा म्हणजे?"

सांगितलं. मोठ्या तापाच्या वर्षी नवरा गेला, नवव्या दिवशी पोर गेली. पाच वर्षांची होती. नाव सांगायची गरज पडली नाही.

"मेलेल्या पोरीचं नाव तू माझ्या जितीला लावलंस," पोचव्वा म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मी विचारलं होतं तुला. पोरं किती म्हणून."

मग गेली. आणखी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिरवं जाकीट पोरीच्या अंगावर होतं, तसंच मातीत गेलं. ते कुणी मला विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही.

१३ मार्च, रविवार

प्रार्थना येत नाही. शब्द येतात, पाठ आहेत ना. बायकांपुढं उभी राहून म्हणते आणि मनात म्हणते, ऐकणारा कुणी असलाच तर त्यानं आज माझ्याकडं बघू नये.

मला वाटलं होतं, वस्ती फिरेल. दगड परत घरात येतील, शेंड्या वाढतील. कुणी गेलं नाही. उलट वरच्या वाडीची नऊ घरं आली. अय्यगारूंनी आज उपदेशात पोरीची गोष्ट सांगितली, की मरताना त्या लेकरानं आपलं ख्रिस्ती नाव ऐकून डोळे उघडले. लोक रडले. हे त्यांना मीच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, भान नसताना. उपदेश चालू असताना उठून बाहेर आले. बाहेर खड्ड्यांचा वास होता, तो बरा वाटला.

२९ एप्रिल

दोरसानींना पत्र लिहून बदली मागितली होती. उत्तर आलं. लिहितात, तुझ्या वस्तीवर देवाचा हात आहे, पीक उभं असताना शेत सोडू नये. खाली लिहिलंय, अक्षर सुधार.

३ जुलै, रविवार

पोचव्वा दर रविवारी येते. सगळ्यात मागं बसते, माझ्याशी एक शब्द नाही. विहिरीवर मी आले की घागर अर्धी भरलेली असली तरी उचलून जाते. पण प्रार्थना चुकवत नाही. आठव्या महिन्याचं पोट घेऊन येते. मला कळेना. आज लच्चय्याला गाठून विचारलं, ती येते कशाला? माझ्यावर राग, नावावर राग, मग येते कशाला?

तो डफाची कड शिवत होता. म्हणाला, "ती म्हणते, पोर त्यांच्या देवाकडं गेलीय. आपण आता दुसऱ्या देवाकडं गेलो तर ती सापडायची कशी?"

मग दोरा दातानं तोडून म्हणाला, "तुम्हाला विचारायचं होतं तिला, पण ती बोलत नाही ना तुमच्याशी. तिकडं तिला कोणत्या नावानं हाक मारतात? म्हणजे हिनं गेल्यावर कोणत्या नावानं शोधायचं?"

मी चार वर्षं बायबलशाळेत होते. पहिल्या नंबरानं पास झाले. मला सांगता आलं नाही.

घरी येऊन रडले. पहिल्यांदाच. तेरा वर्षांपूर्वीही रडले नव्हते. तेव्हा सगळे म्हणाले होते, केवढा विश्वास आहे बाईचा.

२२ ऑगस्ट

पहाटे पोचव्वा बाळंत झाली. मुलगी. मला बोलावलं नाही. भिंतीपलीकडून रडणं ऐकलं. आवाज खणखणीत आहे.

२५ ऑगस्ट

आज सकाळी पोचव्वा दाराशी आली. तिसरा दिवस, दाराची चौकट धरून उभी. सहा महिन्यांनी तोंड उघडलं.

"पलीकडची म्हातारी मेली," ती म्हणाली. "उचलायला कुणी नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी म्हटलं, मी? मी बायबलवाली आहे गं. अय्यगारूंना कळलं तर मला आजच्या आज घालवतील. आणि माझ्या हाताचा तुला इतका राग, मग मीच का?

"तुझ्याकडं आता न्यायला काही राहिलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या हातात काय आहे ते बघायला कोण येणार?"

टोचून बोलली नाही. साधं बोलली, मीठ उसनं मागावं तसं.

मी विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. उठले आणि तिच्यामागून गेले.

लच्चय्यानं सूप उकिरड्यावर ठेवलं होतं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पोर. रात्रीच्या पावसानं शेण ओलं होतं, माझं पांढरं लुगडं घोट्यापर्यंत भरलं. वस्तीतल्या बायका लांब उभ्या होत्या. सगळ्या बाप्तिस्मा घेतलेल्या, सगळ्यांना मीच वचनं शिकवलेली. कुणी हसलं नाही. मी जोरात म्हटलं, "अरे, कुणाची पोर पडलीय इथं?" कुणी ओ दिली नाही. द्यायची नसतेच. "कुणाची नाही? मग मला सापडली." आणि उचलली.

हलकी होती. डोक्याला तेलाचा वास. माझ्या छातीशी तोंड घासायला लागली, तिथं काही नसताना.

पोचव्वा पुढं आली. ओंजळीत कोंडा. "बाई, ही टाकाऊ पोर विकतेस का? पसाभर कोंडा देते."

विकते, असं मला म्हणायचं होतं.  हात सुटेनात. लाज वाटते लिहायला, पण मी एक पाऊल मागं सरकले. सगळ्या बायकांदेखत, दुसऱ्याची तीन दिवसांची पोर छातीशी धरून, शेणात उभी, मागं सरकले.

पोचव्वानं ओंजळ तशीच धरून ठेवली होती. बोटांच्या फटींतून कोंडा गळत होता. "दे, अक्का," ती म्हणाली. मला कधी अक्का म्हणाली नव्हती. "द्यावी लागते. तू दिल्याशिवाय ती जगायची नाही."

मग मी म्हटलं, विकते. पोर तिच्या हातात दिली आणि कोंडा पदरात घेतला.

तिनं तिथंच उभ्या उभ्या पोरीला पाजायला घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, रविवारी अय्यगारू नाव विचारतील, तेव्हा मी बोलणार नाही, तू सांगायचंस. मी विचारलं, काय सांगू? ती म्हणाली, तुला ठाऊक आहे.

पेंटव्वा सांगणार आहे. एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा सांगेन. बाप्तिस्मा देणार नाही म्हणाले तर देईपर्यंत तळ्यात उभी राहीन. मग घालवू देत.

विकणाऱ्या बाईनं त्या कोंड्याची भाकरी करून एकटीनं खायची असते, कुणाला वाटायची नसते, म्हणजे सौदा पुरा होतो. चुलीवर तवा ठेवून हे लिहितेय. थापताना भाकरी तुटत होती, कोंड्याला चिकटपणा नसतो.

खाल्ली. सगळी. खाताना गेलेल्या दोघींनाही हाक मारली, माझ्या आणि तिच्या, एकाच नावानं, आणि म्हटलं, जा. दिली मी.